राष्ट्राध्यक्ष फुटबॉल पाहायला गेले!

घरात तीन मुलगे असावेत आणि तिघांनाही आपणच आईचे लाडके असे वाटत असावे, म्हणजे त्या घरी जी धुसफूस चालते, तीच आयर्लंडच्या क्रीडांगणावर गेली सव्वाशे-दीडशे वर्षे चालू आहे. थोरला हर्लिंग, मधला सॉकर आणि धाकटा रग्बी. थोरल्याचे म्हणणे असे की, मी या मातीतला; हे दोघे दत्तक!

सॉकर म्हणजे आपला नेहमीचा फुटबॉल. इंग्रजी पलटणींच्या छावण्यांभोवती आणि डब्लिन-बेलफास्टच्या कामगारवस्त्यांत तो रुजला, म्हणून ‘पलटणीचा खेळ’ असे त्याला हिणवीत. रग्बी हा मुख्यतः भारी फी घेणाऱ्या शाळांतला. मात्र लिमरिक शहरात कष्टकऱ्यांची मुलेही तो तितक्याच हौसेने खेळतात. आणि हर्लिंग? एका बाजूला पंधरा गडी, प्रत्येकाच्या हातात टोकाला वाकून पसरट झालेली लाकडी काठी. आयरिश भाषेतले तिचे नाव उच्चाराने आपल्या ‘कमानी’च्या अगदी शेजारी बसते. चेंडू जमिनीवरून मारा, नाहीतर हवेतल्या हवेत टोलवा. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने तो सुटतो. लहानपणी विटी लागून ज्यांच्या कपाळाला खोक पडली असेल, त्यांना बाकीची कल्पना सहज करता येईल.

इंग्रजी अमलात हा खेळ मरायला टेकला होता. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावच्या एका हॉटेलात मायकेल क्युसॅक नावाच्या मास्तरांनी मूठभर माणसे जमवली आणि ‘गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ स्थापन केली. गंमत अशी की, हे क्युसॅक स्वतः रग्बी आणि क्रिकेट खेळलेले! पण पुढे त्यांच्या संघटनेने सोवळे पाळायला सुरुवात केली. सॉकर, रग्बी, हॉकी, क्रिकेट हे ‘परकीय खेळ’ ठरले. ते खेळणाराच नव्हे, तर नुसता पाहणारा सभासदही बडतर्फ होऊ लागला. सामन्यांच्या गर्दीत आपला कोणी दिसतो का, हे हेरायला खास माणसे नेमलेली असत.

हे सोवळे उगाच आलेले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी सकाळी क्रांतिकारकांनी डब्लिनमध्ये इंग्रजांचे हेर टिपले. त्याच दुपारी सरकारी शिपायांनी क्रोक पार्क मैदानात घुसून, चालू सामन्यात, गोळ्या झाडल्या. चौदा माणसे गेली. त्यांत टिपररीचा खेळाडू मायकेल होगन होता. ज्या मैदानाने असे रक्त पाहिले, तिथे इंग्रजांचा खेळ नको असे कोणाला वाटले, तर त्याला नावे ठेवायला आपली जीभ रेटत नाही.

परंतु जखमेवर बांधलेली पट्टी जखम भरल्यावरही सोडली नाही, तर काय होते? डग्लस हाइड यांची गोष्ट ऐका. हे एका पाद्रीसाहेबांचे चिरंजीव. आयरिश भाषा मरू नये म्हणून १८९३ साली ‘गेलिक लीग’ काढणाऱ्यांत ते अग्रणी होते. त्याच्या आदल्या वर्षीच्या आपल्या गाजलेल्या व्याख्यानात त्यांनी क्युसॅकच्या संघटनेची तोंड भरून स्तुती केली होती. १९३८ साली ते आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. संघटनेचे आश्रयदाते तर होतेच. नोव्हेंबरात आयर्लंड आणि पोलंड यांचा फुटबॉलचा सामना होता. देशाचा संघ खेळतो आहे, राष्ट्राध्यक्षांनी जायला नको का? ते गेले. डिसेंबरात संघटनेने त्यांचे आश्रयदातेपद काढून घेतले!

मी भाषा शिकवण्याचा व्यवसाय करतो, म्हणून ही गोष्ट मला चटका लावते. ज्याने देशाला त्याची भाषा परत मिळावी म्हणून उभा जन्म वेचला, त्याचे देशप्रेम एका दुपारच्या तिकिटावर मोजले गेले. आमच्याही क्षेत्रात असे दरवान पुष्कळ आहेत. परका शब्द दिसला की ते काठी उगारतात. पण आपल्या भाषेतले पुस्तक विकत घेताना त्यांना कोणी पाहिलेले नसते.

१९७१ साली ती बंदी उठली. मैदानाचे दार मात्र बंदच होते. पुढे रग्बी आणि सॉकर यांचे मैदान नव्याने बांधायला निघाले. खेळायचे कुठे? एप्रिल २००५ मध्ये संघटनेने मत घेतले आणि क्रोक पार्क त्यांना तात्पुरते उघडून दिले. २४ फेब्रुवारी २००७ रोजी तिथे रग्बीसाठी साक्षात इंग्लंडचा संघ उतरला. इंग्रजांचे राष्ट्रगीत वाजणार, तेही होगनच्या मैदानावर! साऱ्या देशाचा श्वास अडकला होता. ऐंशी हजार माणसे शांत उभी राहिली. मग आयरिश राष्ट्रगीत झाले, तेव्हा दांडग्या खेळाडूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्यानंतर त्यांनी इंग्लंडला ४३–१३ असे धुतले. शिवी नाही, दगड नाही; पाहुण्याचा मान राखला आणि खेळात वचपा काढला.

मग हर्लिंग बुडाले का? छे! २०१८ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मान दिला. त्याच वर्षी लिमरिकने, त्या रग्बीवेड्या लिमरिकने, पंचेचाळीस वर्षांनी हर्लिंगचे अजिंक्यपद मिळवले. चढाओढ संपलेली नाही. रग्बी आणि सॉकर गुणी पोरांना पगार देतात. हर्लिंगपटूला पगार नाही. रविवारी ऐंशी हजारांसमोर खेळलेला गडी सोमवारी शाळेत फळ्यापुढे उभा असतो. तरी पोरे काठी सोडत नाहीत, कारण गावोगावी त्यांचा संघ आहे, आणि त्या संघाचा सदरा एकदा बाप, काका, मामा यांनी घातलेला आहे. उलट ज्या आयरिश भाषेला राज्यघटनेने पहिला मान दिला, शाळेत सक्तीची केली, ती रोजच्या व्यवहारात बोलणारे आजही थोडेच.

यावरून काय समजायचे ते सुज्ञ वाचकांनी समजावे. मला एवढेच दिसते की, शेजाऱ्याचे दार बंद केल्याने आपली चूल पेटत नाही. ती आपणच फुंकावी लागते. थोरल्या भावाला हे उमजायला पाऊणशेहून अधिक वर्षे लागली. धाकट्यांना पंगतीत घेतले म्हणून आपला पाट कोणी उचलत नाही, हे आता त्याला ठाऊक आहे.