जकातीची पावती आणि त्यापुढे

जकात म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम येतो तो जकात नाका: रस्त्यावरचा आडवा बांबू आणि खोळंबलेल्या ट्रकांची रांग. मुंबईतील ती जकातही २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाली. तेव्हा आता हा शब्द बहुधा आम्हा मुसलमानांकडेच उरला आहे. आमच्या जकातीला नाका नाही. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच रुपये, ज्याने त्याने स्वतःच मोजायचे आणि हक्कदाराच्या हाती द्यायचे. नमाज-रोजाइतकेच ते बंधन आहे. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे म्हणा, किंवा गेली तीन वर्षे आमच्या मोहल्ल्याच्या बैतुलमालची वही लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे म्हणा, या विषयावर माझी काही मते बनली आहेत. ती आमच्या ज्येष्ठ मंडळींना फारशी रुचत नाहीत. परंतु वार्षिकाच्या पानांवर तरी ती मोकळेपणाने मांडावीत असे वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, जकात काढताना आम्ही जितके काटेकोर असतो तितकेच ती देताना बेफिकीर असतो.

काढण्याचा काटेकोरपणा पाहण्यासारखा असतो. साडेसात तोळे सोने, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, इतक्या ऐपतीला 'निसाब' म्हणतात. तेवढी ऐपत असेल तर जकात लागू होते. पैगंबरांच्या काळी या दोन्ही मापांची किंमत सारखीच होती. आज सोन्याने मोजले तर मध्यमवर्गीयही सुटतो आणि चांदीने मोजले तर थोडीशी शिल्लक असलेला कारकूनही सापडतो. त्यावर घराघरांत वाद झडतात. हनफी लोक स्त्रीच्या अंगावरील दागिन्यांचीही जकात काढतात. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आमच्यात नेहमीच्या वापरातील दागिने सुटतात. माझी नानी मात्र शाफई असूनही दरवर्षी बांगड्या सोनाराकडे नेऊन वजन करून आणते. ''कयामतीच्या दिवशी काटा कोणाचा असेल कोणी सांगावे?'' असे तिचे उत्तर.

आणि हाच पैसा पुढे जातो कसा? तरावीहची नमाज संपली की मशिदीच्या दारात पावतीपुस्तके उघडतात. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेले मदरशांचे 'सफीर' असतात, मुंबईच्या संस्थांचे लोक असतात, गावचे असतात. कोणाला पाचशे, कोणाला हजार. पावती खिशात, आणि फर्ज अदा! त्या संस्थेत मुले किती, मागच्या वर्षी किती जमले, किती खर्ची पडले, हे विचारणे असभ्यपणाचे मानले जाते. नानीच्या बांगड्यांना जो काटा लागतो तो त्या पावतीपुस्तकाला का लागू नये?

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शेकडा अडीचचा दर कुराणात सांगितलेला नाही. तो आपल्याला हदीसमधून मिळतो. पण जकातीचा हक्कदार कोण, हे मात्र कुराणानेच नवव्या सुऱ्याच्या साठाव्या आयतीत मोजून आठ प्रकारांत सांगून ठेवले आहे: फकीर आणि मिस्कीन, म्हणजे कमीअधिक तीव्रतेचे गरीब, जकात गोळा करण्याच्या कामावरील माणसे, ज्यांची मने जोडून घ्यायची आहेत ती, गुलामगिरीतून सोडवायची माणसे, कर्जात बुडालेली, अल्लाहच्या मार्गातील कार्य, आणि अडलेला वाटसरू. मला तर यातून असे दिसते की, किती द्यावे यापेक्षा कोणाला द्यावे याचीच चिंता तेथे अधिक केलेली आहे. आम्ही मात्र या आठांपैकी एक-दोन लक्षात ठेवून बाकीच्यांना विसरलो.

सर्वांत अधिक विसरलो ते कर्जदाराला. आमच्या मोहल्ल्यातील एक बाई सांगते. नवऱ्याच्या डायलिसिससाठी तिने गटाकडून आणि एका फायनान्सकडून कर्ज काढले. नवरा गेला, कर्ज राहिले. दर आठवड्याला हप्ता. गेल्या रमजानमध्ये तिला तीन ठिकाणांहून रेशनचे किट मिळाले. तिन्हींत तेच तेल, तीच साखर, तीच तूरडाळ, त्याच शेवया आणि तेच खजूर. दोन किट तिने वाण्याला पडत्या भावाने विकले आणि त्या आठवड्याचा हप्ता भरला. वाटणाऱ्यांच्या अहवालांत ती तीन वेगवेगळ्या 'लाभार्थी कुटुंबां'च्या रूपाने आली असेल! तिन्ही संस्था प्रामाणिक आहेत, मी त्यांना ओळखते. पण तिला काय हवे हे तिघांनीही विचारले नव्हते. बैठकीत तिच्या कर्जाचा विषय काढला तेव्हा उत्तर मिळाले, ''व्याजाचे कर्ज आहे, त्यात जकात कशी घालायची?'' व्याज घेणे-देणे हराम आहे हे मान्य. परंतु मरणाच्या दारातील नवऱ्यासाठी कर्ज काढणाऱ्या बाईने व्याजाची हौस म्हणून ते काढले नव्हते. निदान मूळ मुद्दल तरी फेडायला कोणती आडकाठी होती?

दुसरा मुद्दा जवळ आणि दूर यांचा. पैगंबरांनी मुआज यांना येमेनला पाठवताना जकात तेथील श्रीमंतांकडून घेऊन तेथीलच गरिबांना द्यावी असे सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. इम्रान बिन हुसैन यांची हकीकत तर मला फार आवडते. ते वसुलीला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. पैसे कोठे आहेत असे विचारता ते म्हणाले की, पैगंबरांच्या वेळी जेथून घेत होतो तेथून घेतले आणि जेथे ठेवत होतो तेथे ठेवून आलो. शाफई पंथाचे प्रचलित मत तर असे की, जेथे संपत्ती तेथे हक्कदार असताना जकात बाहेर पाठवू नये. (ज्याची संपत्ती कुवेतच्या बँकेत आहे आणि घर दापोलीला, त्याने काय करावे, हा प्रश्न मी मौलवीसाहेबांवर सोपवते.) आणि आम्ही कोकणातले शाफई आपल्या गल्लीतील फी थकलेला मुलगा ओलांडून हजार मैलांवरच्या पावत्या फाडतो.

माझा मदरशांवर राग आहे असे कोणी समजू नये. गरिबातील गरीब घरच्या मुलाला दोन वेळचे जेवण, कपडे आणि अक्षरओळख तेथे फुकट मिळते. ज्या गावात दुसरे काहीच नाही तेथे हे थोडे नव्हे. परंतु २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालात असे नमूद आहे की, शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत जाणारी मुले अवघी ३ टक्क्यांच्या आसपास आहेत. उरलेल्या मुलांची पुस्तके, बसचे पास, परीक्षेची फी यांचा वाटा जकातीत किती? आमच्या वहीत तरी तो फार लहान आहे.

शिवाय काही सफीर पगारावर नव्हे तर जमलेल्या रकमेच्या टक्केवारीवर काम करतात. अनेक मुफ्तींनीच हे नाजायज ठरवले आहे. दुसरी एक युक्ती आहे, 'हीला-ए-तमलीक'. हनफी शास्त्राप्रमाणे जकात गरिबाच्या मालकीची व्हावी लागते. इमारतीला किंवा शिक्षकांच्या पगाराला ती चालत नाही. तेव्हा एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या हाती रक्कम ठेवायची आणि त्याने ती तत्काळ संस्थेला देणगी म्हणून परत करायची! कागद पाक झाला. त्या मुलाच्या मनात त्या क्षणी काय येत असेल याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. निकडीच्या वेळी विद्वानांनी याला मुभा दिली असेल, पण दरसालचा रिवाज म्हणून ती मला पटत नाही.

याउलट, संस्थेने कारकुनाच्या पगारावर खर्च केला म्हणून जे लोक नाराज होतात त्यांच्याशी माझे जमत नाही. ब्रिटनमधील कित्येक मुस्लिम संस्था 'शंभर टक्के जकात गरजूंना' अशी जाहिरात करतात. इकडेही ती भाषा आली आहे. मग वही कोण लिहिते, घरोघर जाऊन चौकशी कोण करते? त्यांचा खर्च दुसऱ्या देणग्यांतून होतो, एवढाच त्याचा अर्थ. आठ प्रकारांत जकातीच्या कामावरील माणसाला तिसरे स्थान आहे ते उगाच नाही. शाफई मताने त्याला आठव्या हिश्श्यापर्यंत देता येते. चौकशीवर चार पैसे खर्च झाले असते तर त्या बाईकडे तीन किट गेलेच नसते.

यावर कोणी म्हणेल, सरकारनेच वसूल करून वाटावी. पाकिस्तानात १९८० साली जनरल झिया यांनी हे केले. रमजानच्या पहिल्या दिवशी बँकेतील बचत खात्यांतून जकात कापली जाऊ लागली. शियापंथीयांनी इस्लामाबादेत मोठी निदर्शने केली आणि त्यांना सूट द्यावी लागली. इतर पुष्कळ लोक आदल्या दिवशी बँकेतून पैसे काढून मोकळे होऊ लागले. तेव्हा तो मार्ग नको. आपल्याकडे नोंदणीकृत न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावा लागतो. पावती फाडण्यापूर्वी त्या हिशेबाची प्रत मागितली तर बिघडले काय? जो सफीर चिडेल त्याला चहा पाजावा आणि जकात दुसरीकडे द्यावी.

माझी एक हिंदू वर्गमैत्रीण विचारते, तुमची जकात मुसलमानांनाच का? बहुसंख्य जुन्या विद्वानांचे मत तसे आहे, हे मी लपवत नाही. पण ईदच्या आधीचा फितरा इमाम अबू हनीफांच्या मते बिगरमुस्लिम गरिबालाही देता येतो, आणि ऐच्छिक सदक्याला तर कोणतीच भिंत नाही. आमच्या वहीत सदक्याचे पान वेगळे आहे. ते जकातीच्या पानाहून पुष्कळ कोरे असते, ही गोष्ट वेगळी.

यंदापासून आमच्या बैतुलमालने मशिदीबाहेर फळा लावायचे ठरवले आहे. जमा किती, खर्च किती, कर्जफेडीला किती, फीसाठी किती. घेणाऱ्यांची नावे नाहीत, फक्त आकडे. त्यावरही दोन बैठका गाजल्या. समितीत सात पुरुष आहेत. कोणाच्या घरी हप्तेवाला येतो आणि कोणत्या मुलीने फीपायी कॉलेज सोडले, हे मोहल्ल्यातील बायकांना ठाऊक असते, म्हणून मी दोन बायकांची नावे सुचवली आहेत. निर्णय पुढच्या जुम्म्याला व्हायचा आहे.