गणिताचा तास घरीही व्हावा

इंदूरच्या आपल्या मराठी घरांतही आता तिसरी-चौथीपासूनच मुलांना गणिताची शिकवणी लावली जाते. शिकवणीला आमचा विरोध नाही. मात्र गणिताचे शाळा आणि शिकवणी पाहून घेतील, घराचा त्याच्याशी संबंध नाही, हा समज आम्हांला घातक वाटतो. पाढे पाठ असलेले मूल 'पावणेदोन किलो बटाटे' ऐकून गोंधळते, 'एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन?' असे विचारते. तिथे बुद्धी कमी पडत नाही, सवय कमी पडते.

खरे तर आपल्या भाषेतच गणित आहे. एकोणसाठ म्हणजे एक उणे साठ. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. मागच्या पिढ्यांनी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ केली होती. इथल्या बाजारात हिंदीतही पौने, सवा, डेढ, ढाई हेच चालते. म्हणजे घरी मराठीत शिकलेले बाहेरही उपयोगी पडते.

यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. चार माणसांच्या भाताला दोन वाट्या तांदूळ लागत असतील तर सहा जणांना किती, हे मुलालाच ठरवू द्या. विजेचे बिल आले की त्याच्यासोबत वाचा. शंभर वॉटचा दिवा दहा तास जळला की एक युनिट होते. नऊ वॉटचा दिवा तेवढ्याच विजेत शंभराहून अधिक तास चालतो. रात्री 9.40 ला निघालेली गाडी सकाळी 6.15 ला पोहोचली तर प्रवास किती तासांचा, हे काढताना तास साठ मिनिटांचा असतो, शंभराचा नव्हे, हे आपोआप कळते.

एक पथ्य मात्र पाळावे. भाजी निवडताना प्रश्नांची सरबत्ती केली तर मूल भाजीही टाळेल आणि गणितही. त्याची परीक्षा घेऊ नका, त्याला काम द्या. दुकानात पैसे त्यालाच देऊ द्या, सुटे त्यालाच मोजू द्या. चुकले तर चुकू द्या.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, प्रत्येक सत्रातील एका पालकसभेत गुणपत्रिकांच्या चर्चेतून अर्धा तास काढून आजी-आजोबांना बोलवावे. पावकी-निमकी शिकवणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांचा लाभ घ्यावा.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. ठिपक्यांच्या रांगोळीत '15 ते 8' म्हणजे मधल्या ओळीत 15 ठिपके आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी करत शेवटी 8. एकूण ठिपके होतात 169, म्हणजे तेरा तेरे! आता '11 ते 6' चे ठिपके किती? आधी हिशेब करा, मग रांगोळी काढून मोजा आणि उत्तर वर्गात सांगा.