बाळाचा अंगठा बघा, आणि छातीही तपासून घ्या

रेशन दुकानावर धान्य घ्यायला अंगठा लागतो. मशीनने तो घेतला नाही तर आपण तिथेच भांडतो. पण बाळ जन्मलं की त्याचा अंगठा नीट कोण बघतं? आज त्यावरच लिहितोय. थोडं लांब आहे, पण वाचा.

आईच्या पोटात बाळाचे हात आणि हृदय एकाच सुमारास घडतात, साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात. दोन्ही कामांना टीबीएक्स-५ नावाचं एक जनुक लागतं. त्यात बिघाड असला तर अंगठा नसतो, बारीक असतो किंवा बोटासारखा तीन पेरांचा असतो. कधी कोपराखालचं हाडही आखूड राहतं. पाय मात्र ठीक असतात. आणि अशा चौघांपैकी साधारण तिघांच्या हृदयातही दोष असतो, बऱ्याचदा दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. मेरी होल्ट आणि सॅम्युअल ओरॅम या डॉक्टरांनी १९६० मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून नाव होल्ट-ओरॅम सिंड्रोम. जनुक सापडलं १९९७ मध्ये. आजार दुर्मिळ, लाखात एखाद्याला.

मग अच्छाड-तलासरीत याची चर्चा कशाला? कारण हात दिसतो, हृदयातलं भोक दिसत नाही. मूल खेळतं, शाळेत जातं, घरच्यांना वाटतं हाताचंच काय ते. पुढे धाप लागते, ठोके बिघडतात, तेव्हा धावपळ सुरू होते.

दुसरं कारण आईचं. "ग्रहणात विळी हातात घेतली असशील" हे अजूनही ऐकू येतं. अरे, बारा आठवड्यांच्या आत गरोदरपणाची नोंदणी करा असं आपण सांगतो, आणि तोवर हात-हृदय घडूनही झालेलं असतं! हा बिघाड आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. कधी दोघांतही नसतो, बाळातच नव्याने होतो. सिकलसेल आपल्याकडे माहीत आहे. तो आजार व्हायला दोन्हीकडून दोष यावा लागतो. इथे एकाकडून आला तरी पुरतो, आणि प्रत्येक बाळाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून आईबापाचेही हात बघायला हवेत.

आता सरकारचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, आपल्या पालघरमधून. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी, पुढचे उपचार मोफत. योजना चांगलीच आहे. पण तिच्या मूळ यादीत जे नऊ जन्मजात दोष आहेत, त्यांत वाकडी पावलं आहेत, हृदयदोष आहे, अंगठ्याचं वेगळं नाव नाही. हृदयदोष शोधायचा तर त्याची बाहेर दिसणारी खूण का सोडायची?

माझं म्हणणं एवढंच आहे :

१. आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत अनेकदा जातात. बाळाच्या दोन्ही मुठी उघडून बघणं त्यांच्या प्रशिक्षणात यावं.

२. अंगठा किंवा हात वेगळा दिसला तर त्या मुलाची टू-डी इको आणि ईसीजी झालीच पाहिजे. महागडी जनुक तपासणी नंतरची गोष्ट. असा हात इतर कारणांनीही होतो, कधी किडनी किंवा रक्ताचा त्रास सोबत असतो, म्हणून डॉक्टरांनी बघणं गरजेचंच.

३. मुलांच्या इकोसाठी तालुक्यात ठरलेला दिवस असावा आणि तो आधी गावात कळावा. रोजंदारी बुडवून गेलेल्या माणसाला "मशीनवाले डॉक्टर आज नाहीत" हे ऐकायला लागू नये.

लाखात एकासाठी एवढं कशाला, असं कोणी म्हणेल. पण मूठ उघडून बघायला पैसा लागत नाही, आणि हृदयदोष असलेली बाळं काही लाखात एक नाहीत. अशा तपासणीची सवय लागली तर इतरही सापडतील.

तुमच्या पाड्यात असं मूल असेल तर त्याला लपवू नका, चिडवू तर मुळीच नका. ग्रामीण रुग्णालयात न्या आणि स्पष्ट विचारा, "डॉक्टर, याचं हृदय तपासलं का?" सरपंच, सदस्य, अंगणवाडीताई, तुम्हीही ग्रामसभेत हा विषय घ्या. पटलं तर पुढे पाठवा.