नाव नोंदवणारा माणूस



मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना चांगली आठवत असेल. खंडाळ्याचा घाट जो सर्वांत आधी चढेल तो 'घाटाचा राजा'. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो यायचा आणि आपली पोरे तासाच्या भाड्याने घेतलेली सायकल दामटत, मधल्या दांडीखालून पाय घालून, स्वतःलाच राजा म्हणवून घ्यायची. घाटकोपरमधली ती भाड्याच्या सायकलींची दुकाने आता बहुतेक गेली. पण तेव्हाही फोटोत एक माणूस कधी दिसला नाही. मागच्या गाडीत जादा चाक मांडीवर घेऊन बसलेला, केळी सोलून हातात देणारा, आणि शर्यतीच्या आधी अर्ज भरून, फी भरून, स्वाराचे नाव यादीत घालून आलेला. मी पडलो कारकून. मला हा यादीवाला माणूस जास्त जवळचा वाटतो.

आपल्या मुंबईचे सोहराब भूत हे असेच एक पडद्यामागचे नाव. १९४६ साली भूत आणि जानकीदास या दोघांच्या खटपटीतून देशाची सायकल फेडरेशन उभी राहिली. जानकीदास म्हणजे 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'मध्ये काम केलेले नट. ते स्वतः १९३८ साली सिडनीच्या एम्पायर गेम्समध्ये सायकलस्वार म्हणून गेले होते. फेडरेशन झाली त्याच वर्षी भारताचा संघ झुरिकला जागतिक स्पर्धेला गेला आणि १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये आपले सायकलपटू उतरले. पायात कितीही दम असो, संघटनेचा कागद नसेल तर परदेशात कोण विचारतो?

मात्र जो कागद दार उघडतो, तोच दार बंदही करतो. हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको. म्हणून आज ज्याची आठवण काढायची आहे तो माणूस दूरचा, अमेरिकेतला आहे. त्याचे नाव लुई मंगर. मित्रमंडळी त्याला 'बर्डी' म्हणत. जातीने गोरा, पूर्वीचा शर्यतवीर आणि नंतर सायकलींचा कारखानदार.

१८९४ साली अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने आपल्या घटनेत एकच शब्द वाढवला. सदस्य 'गोरा' असावा, एवढेच. त्याच सुमारास इंडियानापोलिस शहरात मार्शल टेलर नावाचा एक काळा पोरगा सायकलच्या दुकानाबाहेर शिपायाचा गणवेश घालून कसरती करून दाखवत असे, गिऱ्हाईक जमावे म्हणून. त्या गणवेशावरून त्याला 'मेजर' नाव पडले. जन्म १८७८ चा, वडील एका श्रीमंत गोऱ्या घरी गाडीवान. मंगरने त्याला आपल्याकडे ठेवले ते घरकामाला आणि निरोप पोचवायला. पण पोराचे पाय पाहून त्याने त्याला शर्यतीसाठी तयार करायला घेतले. शहरातल्या व्यायामशाळेने टेलरला आत घेतले नव्हते. मंगरच्या धंद्यातल्या लोकांनाही काळ्या पोराला एवढे जवळ केलेले खपत नव्हते. १८९५ मध्ये मंगर तिथून निघाला, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी नवा कारखाना काढायला, आणि टेलरला बरोबर घेऊन गेला. तिथल्या व्यायामशाळेने मात्र टेलरला प्रवेश दिला.

पुढच्या वर्षी मंगरने एक धाडस केले. टेलरला घेऊन तो पुन्हा इंडियानापोलिसला आला आणि फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या ट्रॅकवर त्याला गुपचूप उतरवले. एका नामांकित गोऱ्या स्वाराने मैलाची जी वेळ दिली होती, ती या पोराने मोडली. त्या वेळेची अधिकृत नोंद झाली नाही. नोंद झाली ती टेलरला त्या ट्रॅकवर यापुढे बंदी, एवढीच!

यात मंगरचा काहीच फायदा नव्हता असे मी म्हणणार नाही. त्याच्या कारखान्याच्या सायकलचे नावच 'बर्डी स्पेशल' होते. टेलर जिंकला की सायकलचीही जाहिरात व्हायची. पण धंद्याचाच हिशेब मांडला, तर काळ्या पोराचे नाव पुढे करून गिऱ्हाईक गमावण्याची भीती जास्त होती. आपल्याकडे पुण्यात ग्रेगसाहेबाने पळवणकर बाळूंकडून नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करून घेतली. पुढे हिंदूंच्या संघानेही बाळूंना घेतले, पण चहाच्या वेळी त्यांचा मातीचा कप बाहेर. (हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, तो विषय वेगळा.) हात हवा, माणूस नको, असा तो व्यवहार होता. मंगरने पोराला घरात जागा दिली आणि त्याच्यासाठी गावही सोडले.

डिसेंबर १८९६ मध्ये, नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेला टेलर न्यूयॉर्कला सहा दिवसांच्या शर्यतीत उतरला. या शर्यतीत स्वार झोपेत पडेपर्यंत गोल फिरत राहत. त्याने १७३२ मैल, म्हणजे सुमारे २७८७ किलोमीटर कापले आणि आठवा आला. पुढे गोरे स्वार एकजूट करून त्याला कोंडीत पकडत. १८९७ मध्ये एकाने तर शर्यतीनंतर त्याचा गळाच आवळला. तरीही १० ऑगस्ट १८९९ रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियलला तो एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला.

१९२८ साली टेलरने आत्मचरित्र छापले आणि ते मंगरला अर्पण केले. तेव्हा पैसा संपला होता. हे पुस्तक तो दारोदार फिरून विकत असे. १९३२ मध्ये शिकागोच्या सरकारी रुग्णालयात, धर्मादाय विभागात तो वारला आणि बेवारस म्हणून पुरला गेला. १९४८ मध्ये जुन्या सायकलपटूंनी एका सायकल कारखानदाराकडून पैसे मिळवून त्याला चांगल्या जागी हलवले आणि वर नावाची पाटी बसवली. १८९४ च्या त्या ठरावाबद्दल संघटनेने जाहीरपणे चूक मान्य केली ती १९९९ साली, म्हणजे १०५ वर्षांनी.

आता घरातले बोलतो. आपल्या वस्तीत एक पोरगा आहे. वडील माथाडी. पहाटे चारला उठून हा हायवेवर ठाण्याकडे सायकल मारतो. आपली मंडळे जयंतीच्या मिरवणुकीत आवाजाच्या भिंतीवर जेवढा खर्च करतात, त्याच्या व्याजात त्याचे वर्षाचे टायर येतील. हे बोललो की काही जण रागावतात, रागावू देत. पण पोराने माझ्याकडे पैसे मागितलेच नाहीत. तो म्हणाला, "काका, फॉर्म इंग्लिशमध्ये आहे, चुकला तर परत येतो."

तर स्पर्धेचे फॉर्म भरायचे असतील त्या मुलामुलींनी रविवारी सकाळी ९ ते ११ विहाराच्या ओट्यावर मला भेटावे. जन्माचा दाखला, आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे दोन फोटो आणावेत. पेन माझ्याकडे आहे.