रजिस्टर नको, म्हाताऱ्यांची पाठ तपासा

अर्धापूरकरहो,

जून २०२५ मध्ये नोएडातल्या एका वृद्धाश्रमाचा व्हिडिओ देशभर फिरला. हात बांधलेली म्हातारी, कुलूपबंद खोल्या, मळकट कपडे. मग छापा पडला आणि ३९ वृद्धांना तिथून बाहेर काढावं लागलं. हा आश्रम काही फुकटचाही नव्हता. घरच्यांकडून दरमहा पैसे घेतले जात होते. त्यावर जो संताप झाला तो रास्तच होता, त्याबद्दल आपल्यात वाद नाही, म्हणून त्यावर इथे शाई खर्च करत नाही. मुद्दा एकच आहे. हा प्रकार उघडकीला आला तो कोणत्याही तपासणीतून नव्हे, कुणाच्या तरी मोबाइलमधून. वृद्धाश्रम चांगला की वाईट हे ठरवायची जी रीत आपण वर्षानुवर्षं चालवली आहे, ती रीतच आंधळी आहे. नोएडात जशी, तशीच नांदेड-लातुरात.

ही रीत सगळ्यांच्या ओळखीची आहे. ‘उद्या साहेब येणार’ असा निरोप आदल्या दिवशी पोहोचतो. चादरी बदलतात, फिनेलचा वास दरवळतो, त्या दिवशी ताटात शिरा पडतो. साहेब खुर्चीत बसून प्रवेश रजिस्टर, हजेरीपट, डॉक्टरांच्या भेटीची वही पाहतात, भिंतीवरचं अग्निशामक सिलिंडर पाहतात, मग एक फेरी मारतात. व्यवस्थापक शेजारी उभा असताना विचारतात, “काय आजी, जेवण बरं मिळतं ना?” आजी मान हलवते. शेरा पडतो, ‘व्यवस्था समाधानकारक’. आपण नागरिकही काही वेगळं करत नाही. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, आपल्याच शिवारातली केळी वाटायची, फोटो काढायचा, आणि फरशी स्वच्छ दिसली म्हणून आश्रमाला चांगुलपणाचं प्रमाणपत्र देऊन परत यायचं. अर्धापूरच्या केळीचा व्यापारी तरी बागेत शिरतो, घड हाताळतो, मगच भाव बोलतो. बागेच्या फाटकाला रंग लावलाय म्हणून कुणी क्विंटलमागे दहा रुपये जास्त देत नाही. जितकी पारख आपण केळीच्या घडाची करतो, तितकीही आपल्या म्हाताऱ्यांच्या हालांची करत नाही.

कागद तपासून काय हाती लागतं, याचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे, आणि तो ‘परदेशात सगळं छान असतं’ म्हणणाऱ्यांनी मुद्दाम वाचावा. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ओकडेन इथे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी सरकारीच केंद्र होतं. २०१६ च्या मूल्यांकनात ते ४४ पैकी ४४ निकषांवर उत्तीर्ण झालं. त्याच वर्षी तिथल्या एका वृद्धाला औषधाचा दहापट डोस दिला गेला होता आणि अंगावरच्या जखमांचा खुलासा कुणाकडे नव्हता. घरच्यांनी पाठ सोडली नाही, म्हणून २०१७ मध्ये चौकशी झाली आणि केंद्र बंद करावं लागलं. शंभर टक्के गुण, आणि टाळं! तिथल्या सरकारने पुढे रॉयल कमिशन, म्हणजे चौकशी आयोग, नेमला. त्याच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचं नावच ‘दुर्लक्ष’ असं होतं. पण आपल्या कामाच्या दोन गोष्टी त्या अहवालाआधीच ठरल्या होत्या. जुलै २०१८ पासून फेरमूल्यांकनाची भेट आगाऊ कळवणं बंद झालं. आणि जुलै २०१९ पासून सरकारी अनुदानावरच्या प्रत्येक वृद्धनिवासाला तीन आकडे देणं सक्तीचं झालं: किती जणांच्या अंगाला पडून पडून जखमा झाल्या, किती जणांना बांधून ठेवलं, आणि किती जणांचं वजन घटलं.

तिन्ही गोष्टी शरीरावर दिसतात, वहीत लिहून झाकता येत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर माकडहाडावर, टाचेवर कातडी आधी लाल होते, मग फाटते, मग हाडापर्यंत खड्डा पडतो. आता हिशेब करा. आश्रमात असे पाच जण असतील, तर रात्री ८ ते सकाळी ६ या वेळात २५ वेळा कूस बदलली पाहिजे. रात्रपाळीला एकच बाई असेल आणि तिलाच पहाटे चहाचं आधण ठेवायचं असेल, तर हे २५ वेळा कोण करतं? हजेरीपटावर तिची सही असतेच. सहीने कूस बदलत नाही. वजनाचंही तसंच. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर ती धोक्याची खूण, हे कोणताही डॉक्टर सांगेल. ५० किलोच्या आजी महिन्याभरात साडेसत्तेचाळीसवर आल्या, तर भिंतीवरचा वरण-भात-भाजी-पोळीचा तक्ता खोटा आहे, किंवा दात नसलेल्या तोंडाला ती पोळी कुस्करून भरवणारं कुणी नाही. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो तेव्हा म्हातारी माणसं पाणी मुद्दाम कमी पितात, कारण रात्री संडासला न्यायला हाक मारली तर कुणी येत नाही. माठ भरलेला असतो. साहेब माठ पाहतात.

आपल्या कायद्याचं मापही असंच वस्तूंचं आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार वृद्धांची सोय असलेला वृद्धाश्रम उभारण्याची गोष्ट आहे, तीही ‘उभारू शकेल’ एवढ्याच बळावर. केंद्राच्या नमुना नियमांत झोपायला माणशी साडेसात चौरस मीटर जागा सांगितली आहे, आहार आणि डॉक्टरही सांगितले आहेत. चांगलंच आहे. पण पुरवलं काय, एवढंच त्यात मोजलं जातं. पोहोचलं काय, हे नाही. सगळ्या वृद्धनिवासांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळलं.

आता आक्षेप. पहिला, सगळ्यात चीड आणणारा: “बिचारे सेवा करतात, त्यांना कसले प्रश्न विचारता?” धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं हे ऐकवणं असतं. पण गाय दिली कुणी? देणगी आपली, त्या देणगीवर करसवलत मिळते म्हणजे सरकारी तिजोरीही आपली, आणि दात नाहीत ते आजीला. सेवा हा शब्द उच्चारला की हिशेब माफ होत नाही. दुसरा आक्षेप: नियम कडक केले तर आश्रम बंद पडतील, म्हातारे रस्त्यावर येतील. हा थोडा विचार करण्याजोगा आहे, कारण लहान आश्रम खरंच ओढाताणीत चालतात. म्हणूनच सांगतो, आजची तपासणीच महागडी आहे. तिला टाइल्स, कॅमेरे, फायली लागतात. वजनकाटा हजार-दोन हजारात येतो आणि पाठ उघडून पाहायला काहीच लागत नाही. पत्र्याच्या खोलीतल्या, पण पाठ शाबूत असलेल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमाला पहिला नंबर द्या, आमची हरकत नाही. तिसरा: “तिथले वृद्ध तक्रारच करत नाहीत.” ज्याला परतायला घर नाही, तो ज्याच्या हातून रात्रीचं जेवण घ्यायचं त्याच्याविरुद्ध त्याच्याच देखत बोलेल, ही अपेक्षा तपासनीस स्वतःच्या साहेबासमोर पुरी करून दाखवोत. आणि ‘मुलांनीच सांभाळावं, संस्कार कमी पडले’ म्हणणाऱ्यांना एवढंच उत्तर की प्रवचनाने जखमा भरत नाहीत.

वर्षातून दोन तासांची पाहणी धरली, तरी वर्षाचे ८,७५८ तास बिनपाहणीचे राहतात. म्हणून आमची मागणी साधी आहे. भेट न कळवता व्हावी, आणि चारांतली निदान एक रात्री. प्रत्येकाचं वजन दरमहा घेऊन दर्शनी भिंतीवर लागावं, नाव नको, खाट क्रमांक पुरे. सोबत परिचारिका असावी, तिने आडोशाला, त्या माणसाला विचारून, पाठ आणि टाचा पाहाव्यात. वृद्धांशी बोलणं व्यवस्थापकाला बाहेर बसवून व्हावं. १ ऑक्टोबरला केळी घेऊन जाणाऱ्या मंडळांनी या वेळी एक वजनकाटाही न्यावा आणि तीन महिन्यांनी आकडे विचारायला परत जावं. कुठे काही वावगं दिसलं तर १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनवर कळवा. ती सकाळी ८ ते रात्री ८ चालते. रात्री ८ नंतर कोण पाहणार, हे तहसीलच्या पुढच्या बैठकीत उभं राहून विचारा.