ऑपरेशन झाले, चालायला कोण शिकवणार?

पहाटे बाथरूमला जायला उठलेल्या आजी ओल्या फरशीवरून घसरतात आणि कुशीवर आपटतात. पाय उचलता येत नाही. तो थोडा आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. एक्स-रेमध्ये खुब्याचे हाड मोडलेले निघते. मुले पैशांची, रक्ताची, रजेची जुळवाजुळव करतात. ऑपरेशन नीट पार पडते, आठवड्याभरात आजी घरी येतात. भेटायला येणारे शहाळी आणतात आणि प्रत्येक जण एकच सांगून जातो, 'आता उठायची घाई करू नका, भरपूर आराम करा.' सून सगळे हातात देते, मुलगा उचलून बसवतो, रात्री डायपर लावला जातो. तीन महिन्यांनी जखम भरलेली असते, एक्स-रे उत्तम असतो आणि आजी पलंगावरच असतात.

थोड्याफार फरकाने ही कहाणी अनेक घरांत घडते. त्यात कोणाचा हलगर्जीपणा नसतो, असलीच तर माया असते. पण या मायेची किंमत आजींना मोजावी लागते. आणि त्याचा दोष घरच्यांपेक्षा, त्यांना पुढचे काहीच न शिकवता घरी पाठवणाऱ्या व्यवस्थेकडे अधिक जातो.

आरामाचा सल्ला जुन्या काळातून आला आहे. पूर्वी खुबा मोडला की पायाला वजने लावून रुग्णाला कित्येक आठवडे झोपवून ठेवत. आज मोडलेल्या हाडात सळई आणि स्क्रू बसवतात किंवा खुब्याचा गोळा बदलतात, तेच मुळी रुग्णाला लवकर उभे करता यावे म्हणून. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०११ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावे आणि काही वैद्यकीय अडचण नसेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवून हालचाल सुरू करावी. आपल्याकडचे अस्थिरोगतज्ज्ञही बहुतेक रुग्णांना हेच सांगतात. मात्र घरी आल्यावर तो सल्ला पलंगापाशीच थांबतो.

म्हातारपणी अंथरूण शरीराचे किती नुकसान करते, याची कल्पना अनेकांना नसते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या धडधाकट लोकांना दहा दिवस झोपवून ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो स्नायू झिजले. ही अवस्था निरोगी माणसांची. ऐंशीच्या घरातल्या, आधीच अशक्त आणि नुकत्याच ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाचे काय होत असेल? पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, पाठीला आणि टाचांना जखमा होतात. खुबा मोडल्यानंतर वर्षभरात साधारण पाचांपैकी एक ते चारांपैकी एक वृद्ध दगावतो आणि वाचलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना पूर्वीसारखे चालता येत नाही, असे जगभरातले अभ्यास दाखवतात. आधीचे आजार त्याला कारणीभूत असतातच, पण अंथरुणाचा वाटाही मोठा असतो.

'पुन्हा पडली तर?' ही घरच्यांची भीती खोटी नाही. पण न चालल्याने पाय आणखी कमजोर होतात, तोल जातो आणि पडण्याचा धोका वाढतो. सुरक्षित चालणे शिकवणे हाच त्यावरचा मार्ग आहे.

त्यासाठी रोज घरी तज्ज्ञ यायला हवाच असे नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुबा मोडलेल्या २३२ रुग्णांपैकी निम्म्यांना खुर्चीतून उठणे, पायरी चढणे असे रोजच्या कामांवर आधारलेले व्यायाम दिले. भौतिकोपचारतज्ज्ञ मोजक्या वेळा घरी जाऊन ते शिकवत, पुढे फोनवर चौकशी करत. सहा महिन्यांनी या रुग्णांची हालचाल दुसऱ्या गटापेक्षा सुधारलेली होती. सुधारणा माफकच होती, हेही सांगायला हवे. २०१९ मधल्या दुसऱ्या अभ्यासात तर सोळा आठवडे वारंवार घरी जाऊन व्यायाम घेऊनही चालण्यात ठळक फरक दिसला नाही, पण तिथे तुलनेसाठी घेतलेल्या गटालाही तितक्याच भेटी मिळत होत्या. जादू कोणत्याच पद्धतीत नाही. पण पाणी प्यायला स्वयंपाकघरापर्यंत जाणे आणि कमोडवर स्वतः बसता येणे, एवढी माफक सुधारणाही आजींसाठी आणि घरासाठी मोठी असते.

शिकवण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. पडल्या पडल्या घोटा वर-खाली करणे, मांडी आवळून सोडणे. घट्ट खुर्चीच्या हातांना धरून उठणे-बसणे, दिवसातून तीन-चार वेळा. ओट्याला धरून उभे राहणे. वॉकरने चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. किती वजन टाकायचे, मांडी घालायची की नाही, हे मात्र ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचे. गोळा बदलला असेल तर खाली बसणे आणि पायावर पाय टाकणे बहुधा टाळायला सांगतात. पाट, चटई आणि भारतीय पद्धतीचा संडास म्हणूनच अडचणीचे ठरतात. तिथे कमोडची खुर्ची कामी येते.

घरही थोडे बदलावे लागते. बाथरूममध्ये भिंतीला पक्का दांडा, रात्री मंद दिवा, मागे पट्टा असलेली चप्पल, घोळदार साडीऐवजी घोट्याच्या वर राहणारा गाऊन. सुटी पायपुसणी आणि वायरी उचलून ठेवायच्या. ताटात मऊ भात आणि पेज एवढेच असेल तर स्नायू भरून येणार नाहीत. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर डाळ, दूध, दही, अंडी वाढवावीत. हाडाच्या ठिसूळपणावर औषध हवे का, हेही पहिल्याच फेरतपासणीत विचारावे. पोटरी सुजली, एकाएकी दम लागला, ताप आला, जखमेतून स्राव आला किंवा पाय अचानक आखूड दिसू लागला तर मात्र व्यायाम थांबवून लगेच रुग्णालय गाठावे.

हे सगळे घरच्यांना कोण सांगते? बहुतेकदा डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ, तीही इंग्रजीत. शहरात घरी येणारा भौतिकोपचारतज्ज्ञ मिळतो, पण त्याची दर भेटीची फी महिनाभर परवडणारी घरे थोडी. तालुक्याच्या गावात तो मिळणेच कठीण. चाळीत किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना रुग्णालयात व्यायामाला नेणे म्हणजे चार माणसांचे काम. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमुळे रुग्णालयातील उपचारांचा भार हलका झाला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षणही आहे. पण तिथे रुग्णालयातून सोडल्यानंतरचे १५ दिवसच धरले जातात. चालायला शिकण्याचे खरे काम त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांचे असते.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी पुनर्वसन कार्यकर्त्याने जावे, अशी तरतूद २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात आहे. ती सर्व तालुक्यांत प्रत्यक्षात उतरायला हवी. ठरलेल्या दिवशी घरी जाणे आपल्या आरोग्यव्यवस्थेला नवीन नाही. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी जातात. खुबा मोडलेल्या वृद्धांच्या घरी प्रशिक्षित माणसाने तीन महिन्यांत पाच-सहा वेळा जाणे अशक्य नाही. हे काम आशाताईंच्या आधीच जड झालेल्या ओझ्यात न टाकता त्यासाठी वेगळी माणसे आणि वेगळे मानधन हवे. आयुष्मान भारतच्या खर्चात या भेटी धराव्यात. आणि प्रत्येक रुग्णालयाने घरी सोडण्याआधी घरातल्या एका माणसाकडून वॉकर, खुर्ची आणि जिन्याचा सराव करून घ्यावा, सूचना मराठीत लिहून द्याव्यात.

तोपर्यंत घरच्यांनी एक करावे. आजींना पाणी हवे असेल तर तांब्या हातात देण्याऐवजी वॉकर पुढे करावा आणि शेजारी उभे राहावे. वेळ जास्त लागेल, पण आजी स्वतःच्या पायांनी चालत जातील.