केळीचा हिशेब आहे, काडतुसांचा का नाही?

मुक्ताईनगर-रावेर पट्ट्यातील केळी परदेशी जायची असेल तर तिच्यामागे कागदांचा केवढा मोठा व्याप असतो, हे येथील शेतकऱ्याला सांगायला नको. पॅकहाऊसची नोंदणी, मालाची तपासणी, कीडरोग नसल्याचा दाखला, मग कंटेनर. कोणत्या देशात किती टन केळी गेली आणि तिचे किती रुपये झाले, याची आकडेवारी 'अपेडा' ही सरकारी संस्था जाहीर करते. कोणालाही ती पाहता येते.

याच मुक्ताईनगरहून हायवेने भुसावळकडे निघाले की वरणगाव लागते. तेथे आयुध निर्माणी आहे. चीनशी झालेल्या युद्धानंतर १९६४ साली उभी राहिलेली ही फॅक्टरी रायफलींची काडतुसे बनविते. पुढे भुसावळला दुसरी आयुध निर्माणी आहे. दोन्ही फॅक्टऱ्यांच्या वसाहतींत आपल्या समाजाच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. बापाच्या फॅक्टरीतल्या पगारावर पोरे शिकली, बुद्धविहारे उभी राहिली, आंबेडकर जयंत्या गाजल्या. म्हणून या विषयावर लिहिताना आमचा सूर 'बंद करा हे कारखाने' असा नाही आणि नसेल.

आमचा सवाल वेगळा आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने आयुध निर्माणी बोर्ड मोडीत काढून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. वरणगाव गेले पुण्याच्या 'म्युनिशन्स इंडिया'कडे, भुसावळ गेले नागपूरच्या 'यंत्र इंडिया'कडे. कालपर्यंत जो कारखाना देशाच्या सैन्यासाठी माल बनवीत होता, त्याला आता कंपनी म्हणून नफा कमवायचा आहे आणि परदेशी गिऱ्हाईक शोधायचे आहे. २०१३-१४ साली देशाची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. त्या एका वर्षात १,७६२ निर्यात परवाने दिले गेले आणि माल सुमारे ८० देशांत गेला, असे सरकार अभिमानाने सांगते. २०२९ पर्यंत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट आहे. पण कोणत्या देशाला काय विकले, असे संसदेत विचारले की सरकारचे उत्तर ठरलेले: ही माहिती सामरिकदृष्ट्या संवेदनशील आहे, सबब देता येत नाही. सीमाशुल्काच्या आकडेवारीत शस्त्रांसाठी ९३ क्रमांकाचे प्रकरण आहे. त्यात देशवार रुपये दिसतात, परंतु कोणता माल, कोणत्या परवान्यावर, कोणाच्या हातात, हे त्यातून कळत नाही.

केळीला जो न्याय, तो काडतुसाला नाही.

हा परवाना देतो कोण? १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली 'स्कोमेट' नावाची यादी आहे. त्या यादीतील सहावा गट म्हणजे दारूगोळा व युद्धसामग्री. २०१७ साली तो सविस्तर भरण्यात आला. या गटाचे परवाने संरक्षण मंत्रालयातील संरक्षण उत्पादन विभाग देतो. खरेदीदाराकडून अंतिम वापराचा दाखला घ्यायचा, म्हणजे माल कोण आणि कशासाठी वापरणार हे लिहून घ्यायचे, गरजेप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाचे मत घ्यायचे आणि परवाना द्यायचा. कागदावर हे ठीक दिसते. परंतु हाच विभाग म्युनिशन्स इंडिया आणि यंत्र इंडियाचा मालक आहे. ५०,००० कोटींचे उद्दिष्ट गाठण्याची जबाबदारीही याच विभागाची. म्हणजे विकणारा तोच, विक्रीला परवानगी देणारा तोच आणि तक्रार आली तर चौकशी करणाराही तोच! यजमान, भटजी आणि दक्षिणा घेणारा एकच असला की पूजेत खोट निघेल कशी? संसदेची एखादी समिती प्रत्येक मोठा सौदा आधी पाहील, अशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शस्त्रव्यापार करार मंजूर झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला आणि त्या करारावर आपण सहीही केलेली नाही.

याउलट आमच्या जिल्ह्यात काय चालते पाहा. चोपड्याच्या सीमेपलीकडे मध्यप्रदेशातील उमर्टी गावात गावठी कट्टे बनतात. तिकडून कट्टा आणणारे एखादे पोरगे सापडले की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. व्हायलाच पाहिजे. पण कट्टे घडविणारा शिकलगार समाज, ज्याचे पूर्वज राजेरजवाड्यांच्या तलवारींना धार लावीत, तो आज गुन्हेगार म्हणून ओळखला जातो आणि जहाजभर दारूगोळा कोणाला पोहोचला हे न सांगणारा अधिकारी देशसेवक ठरतो, हा फरक आमच्या नजरेतून सुटत नाही. कट्ट्याचा शेवटचा धनी शोधायला पोलीस चार जिल्हे पालथे घालतात. तोफगोळ्याचा शेवटचा धनी शोधायला कोण जाते?

सप्टेंबर २०२४ मध्ये हा प्रश्न दोनदा ऐरणीवर आला. गाझामध्ये हजारो माणसे मारली जात असताना भारतीय कंपन्यांना इस्रायलला शस्त्रे पाठविण्याचे परवाने का, म्हणून काही निवृत्त अधिकारी, विचारवंत आणि कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. याचिकेत म्युनिशन्स इंडियाचे नाव होते, म्हणजे वरणगाव ज्या कंपनीत आहे तिचे. संविधानाचे कलम ५१ आणि वंशसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय करार हा त्यांचा आधार होता. ९ सप्टेंबर रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. परराष्ट्र व्यवहार हे सरकारचे क्षेत्र आहे, निर्यात थांबविण्याचा अधिकार कायद्याने सरकारकडे आहे, न्यायालय त्यात पडणार नाही, असा त्याचा आशय. त्याच्या आठवडाभर आधी, २ सप्टेंबरला, ब्रिटनने इस्रायलसाठीच्या सुमारे ३५० परवान्यांपैकी ३० च्या आसपास स्थगित केले होते. ब्रिटन काही साधुसंत नाही. शस्त्रे विकून गबर झालेला देश आहे तो. पण तेथे परवान्यांची देशवार माहिती दर तिमाहीला छापली जाते. म्हणून लोक बोट ठेवून विचारू शकतात आणि सरकारला उत्तर द्यावे लागते.

दुसरा प्रसंग यंत्र इंडियाचा, म्हणजे भुसावळवाल्या कंपनीचा. भारतात बनलेले तोफगोळे युरोपातील गिऱ्हाइकांमार्फत युक्रेनला पोहोचले, अशी बातमी रॉयटर्स वृत्तसंस्थेने १९ सप्टेंबर २०२४ रोजी दिली. तीत यंत्र इंडियाच्या रिकाम्या गोळ्यांचा आणि त्यात स्फोटके भरणाऱ्या एका इटालियन कंपनीचा उल्लेख होता. परराष्ट्र मंत्रालयाने ही बातमी अंदाजपंचे आणि दिशाभूल करणारी ठरविली, आपण सर्व आंतरराष्ट्रीय बंधने पाळतो असे सांगितले आणि विषय संपला. वस्तुतः सरकारचे म्हणणे खरे असेल, तर परवाना आणि दाखला संसदेपुढे ठेवून ते सहज सिद्ध करता आले असते.

म्यानमारची गोष्ट तर आम्हाला अधिक लागते. १९५४ साली रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब गेले होते, तोच हा देश. २०२१ मध्ये तेथील लष्कराने सत्ता बळकावली आणि स्वतःच्याच जनतेवर बंदुका रोखल्या. त्यानंतर भारतातील सरकारी व खाजगी संस्थांकडून सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरची शस्त्रे व संबंधित सामग्री त्या लष्कराकडे गेली, असे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी २०२३ च्या अहवालात नोंदविले. बुद्धाच्या देशातून बुद्धाच्या देशात काय गेले, तर हे!

'संरक्षण, परराष्ट्र धोरण हे आपले विषय नाहीत, आपण आरक्षण आणि ॲट्रॉसिटीवर बोलावे' असे आपल्यातलेच काही जण म्हणतात. त्यांनी बाबासाहेबांचे १९५१ चे राजीनाम्याचे निवेदन वाचावे. ३५० कोटींच्या महसुलातील सुमारे १८० कोटी सैन्यावर का खर्च होतात, असा सवाल त्यांनी त्यात केला आणि त्याचा संबंध थेट परराष्ट्र धोरणाशी जोडला. युद्ध कधीच नको, असे बाबासाहेबांचे म्हणणे नव्हते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज असा भेद केला आहे. स्वसंरक्षणाला त्यात जागा आहे. दुसरीकडे शस्त्रांचा व्यापार हा उपासकाने वर्ज्य करावयाच्या पाच व्यापारांपैकी एक, असे बुद्धाने सांगितले आहे. वरणगावचा कामगार देशाच्या सैन्यासाठी काडतूस बनवितो तेव्हा तेथे गरज आहे. तेच काडतूस कोणाच्या छातीत जाणार हे न पाहता नफ्यासाठी परदेशी धाडले, तर तो व्यापार झाला, आणि व्यापारी तो कामगार नव्हे, सरकार आहे. परवाना देणाऱ्याने जो प्रश्न विचारायचा असतो तो नेमका हाच: गिऱ्हाइकाला गरज आहे की इच्छा?

संविधानाचे कलम ५१ राज्याला आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटायला सांगते. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यामुळे कलम ३७ नुसार न्यायालयातून त्याची अंमलबजावणी करून घेता येत नाही. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, ही तत्त्वे मोडणाऱ्याला न्यायालयात नाही तरी निवडणुकीत मतदारांना जबाब द्यावा लागेल. न्यायालयाने हात वर केल्यावर चेंडू आता मतदारांकडे, म्हणजे आपल्याकडे आला आहे. ज्या मतदाराला काय विकले हेच सांगितले जात नाही, तो जबाब मागणार कशाच्या आधारावर?

आणि या धंद्याची किंमत कोण मोजतो? २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार ठार झाले. तीही म्युनिशन्स इंडियाचीच फॅक्टरी. ऑर्डरी वाढल्या की पाळ्या वाढतात, मुदतीवर घेतलेली पोरे स्फोटकांच्या इमारतीत जातात. कंत्राटदारामार्फत आलेल्याला आरक्षण कोठले? २०२१ मध्ये कंपनीकरणाविरुद्ध संघटनांनी संपाची हाक दिली, तर सरकारने आधी अध्यादेश आणि मग कायदा करून वर्षभरासाठी संपावरच बंदी आणली. माल कोठे जातो हे विचारू नका, कसा बनतो हेही विचारू नका!

मागण्या फार नाहीत. परवाने देणारे खाते विकणाऱ्या खात्यापासून वेगळे करा. देशवार आणि मालवार परवान्यांचा तक्ता दर सहा महिन्यांनी संसदेपुढे ठेवा. लष्करी गुपिते झाका, पण गिऱ्हाइकांची नावे झाकू नका. मोठे सौदे संसदीय समितीने आधी पाहावेत. रावेरच्या खासदार रक्षा खडसे २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाल्या आणि मंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारता येत नाही. तेव्हा हा तारांकित प्रश्न दुसऱ्या कोणत्या तरी खासदाराकडून घालून घ्यावा लागेल. भुसावळ विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, वरणगाव त्यातच येते. तेथील कामगार संघटनांनी आणि मुक्ताईनगर, बोदवड, रावेरच्या शाखांनी आपापल्या बैठकीत ठराव करून तो संरक्षण विषयक स्थायी समितीकडे पाठवावा. ठरावाच्या मसुद्यात पहिला प्रश्न एवढाच असावा: १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडियाचा आणि यंत्र इंडियाचा माल कोणकोणत्या देशांना गेला?